न झोपणारी गाडी: जुन्या जर्मन सेडानसोबत चौदा महिने

गाडी २०१२ ची. जर्मन, दोन लिटर डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, रंग काळा. कंपनी कुठली याला फारसा अर्थ नाही; एवढ्या वयाची कुठलीही महागडी सेडान घ्या, दुखणी साधारण हीच. पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून ९२,००० किलोमीटर झालेली ६ लाख ४० हजारांना घेतली आणि कोल्हापूरला आणली. वडील म्हणाले, "एवढ्यात चार मुऱ्हा म्हशी आल्या असत्या, दूध तरी दिलं असतं." बायकोने तिचं नाव 'काळा पांढरा हत्ती' ठेवलं. आज मीटरवर १,०९,००० आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या महिन्यात गाडीने तीनदा मान टाकली. रोज फिरवली तर काही नाही, पण तीन-चार दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करायचा. जोडीला डॅशबोर्डवर दिवाळी: एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम. एका मोठ्या वर्कशॉपने स्टिअरिंगचा अख्खा रॅक बदलायला सांगितला, कोटेशन १ लाख ४० हजार. मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे कोड वाचायचं स्वतःचं यंत्र मागवलं. त्यात २३ चुका निघाल्या. नीट वाचल्यावर लक्षात आलं की बहुतेकांच्या शेपटीला एकच ओळ आहे, व्होल्टेज कमी. या गाड्यांत वीस-पंचवीस छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. पुरेशी वीज मिळाली नाही की प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने तक्रार नोंदवतो.

गल्लीतल्या वायरमनने निदान केलं, "बॅटरी गेलीया, नवी टाका." टाकली. ९० अँपिअर-अवरची (एवढी वीज साठवणारी) एजीएम, म्हणजे सीलबंद प्रकारची, २१,५०० रुपये. ही बॅटरी डिकीत तळाशी असते, आणि अशा बऱ्याच गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो नव्या बॅटरीलाही म्हातारीच समजून चार्ज करत राहतो. ते केलं. आठ दिवस बरे गेले, मग गावाला जाऊन आलो तर पुन्हा टकटक.

मग एका रविवारी मांडी घालून बसलो. दार आणि डिकी उघडी ठेवून त्यांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून टाकली, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. चावी घरात लांब ठेवली आणि चाळीस मिनिटं थांबलो, कारण गाडी लॉक केल्यावर हे सगळे कॉम्प्युटर एकेक करून झोपतात आणि त्याला वेळ लागतो. झोपलेल्या गाडीने ५० मिलीअँपिअरच्या आत वीज घ्यावी असा साधारण नियम. माझी ६०० घेत होती. दिवसाला चौदा-साडेचौदा अँपिअर-अवर झाले, चार दिवसांत अर्ध्याहून जास्त बॅटरी फस्त. फ्यूज उपसून बघायचा मोह होतो, पण तो काढून पुन्हा लावला की झोपलेलं काहीतरी जागं होतं आणि परत चाळीस मिनिटं. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर धरायचा. जिथे आकडा दिसेल तिथून वीज जातेय.

चोर सापडला डिकीच्या डाव्या अस्तरामागे. आधीच्या मालकांच्या चिरंजीवांनी कधीतरी सबवूफर बसवला होता. सबवूफर काढून नेला, अँप्लिफायर तिथेच राहिला. त्याची चालू करायची वायर कंपनीच्या वायरीला नुसती पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली. त्यामुळे तो कधीच बंद होत नव्हता आणि शेजारच्या मॉड्युललाही, म्हणजे त्या छोट्या कॉम्प्युटरांपैकी एकालाही, झोपू देत नव्हता. अँप्लिफायर काढला, वायर सोल्डर करून बंद केली, मीटर ३० वर आला. चुका पुसल्या, २३ पैकी दोन राहिल्या. स्टिअरिंगचा दिवा त्यानंतर आजतागायत लागलेला नाही. ते कोटेशन अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, कुणी बसलं की दाखवतो.

दुसरं दुखणं पाण्याचं. जुलैत गगनबावड्याला गेलो, तिथला पाऊस कोल्हापूरकरांना सांगायला नको. परत आल्यावर गाडीत कुबट वास. सनरूफला चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात, छतावर जमलेलं पाणी खांबांमधून खाली सोडायला. पुढची उजवी नळी पानांच्या चोथ्याने गच्च भरली होती आणि पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरत होतं. हे आधीच कळलं असतं, पण आधीच्या मालकांनी टाकलेल्या त्या जाड, शिवणीच्या '७डी' मॅटने सगळं झाकून ठेवलं होतं. वरून कोरडं ठणठणीत, खाली स्पंज. आणि त्या स्पंजाखाली एक मॉड्युल. त्याचं सर्किट दुरुस्त करून घ्यायला १४,००० गेले. आता साधे रबरी मॅट आहेत, आणि दर मे महिन्यात चारही नळ्यांत गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळूच घालून फिरवतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आत कुठेतरी जोड निसटला तर अख्खं छताचं अस्तर उतरवावं लागतं.

तिसरा प्रसंग आंबा घाटातला. रत्नागिरीहून येताना तापमानाचा इशारा आला, बोनेट उघडलं तर कूलंटचा गोड वास. इंजिनाला चिकटलेला पाण्याचा प्लास्टिकचा जोड चिरला होता. तेरा वर्षं गरम-गार होऊन ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालं होतं, बोटाने तुकडे पडत होते. नवा पार्ट मिळायला तीन आठवडे लागणार होते. इथे मात्र कोल्हापुरात राहण्याचा फायदा झाला. तुटलेला जोड घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या म्हागाच्या गाडीत ह्यो प्लास्टिकचा? द्या हिकडं." तिसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून तंतोतंत तसाच जोड, ओ-रिंगची, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच अचूक. १,८०० रुपये. दहा महिने झाले, एक थेंब नाही.

त्या वेळीच पाण्याचे बाकीचे रबरी पाइप आणि बेल्ट बदलून टाकले. गिअरबॉक्सचं तेलही. गाडी बनवणारे ते 'आयुष्यभरासाठी' म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. ज्याने वस्तू घडवली त्याचं ऐकलं. यात फिल्टर तेलाच्या प्लास्टिकच्या टाकीतच असतो, त्यामुळे टाकीसकट बदलावा लागतो. ३२,००० गेले. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हिसका गेला.

आता हौसेच्या गोष्टी. त्या अँप्लिफायरने धडा दिल्यामुळे माझा नियम एकच आहे: गाडीच्या मूळ वायरीला हात लावायचा नाही. मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवायचा मोह खूप होता, दुकानदाराने स्वस्तात देऊही केली. पण या गाडीचा आवाज फायबर ऑप्टिकच्या कड्यातून फिरतो, कडं कुठेही तुटलं की सगळंच मुकं. मूळ स्क्रीन ठेवली, ब्लूटूथचा एक छोटा डबा आणि फोनचा स्टँड लावला. डॅशकॅमला स्वतंत्र फ्यूज आहे आणि व्होल्टेज १२.२ च्या खाली गेलं की तो आपोआप बंद होतो. घरी पार्किंगमध्ये बॅटरीला हळू चार्ज करणारा चार्जर लावला. सगळ्या खरेदीत हीच सर्वांत उपयोगी ठरली.

सीटना कव्हर घातलं नाही, कारण सीटच्या कडेला एअरबॅग असते आणि जाड कव्हर तिचं तोंड बांधतं. चामड्याला चीर होती, ती कोल्हापुरात मिटवणारे कारागीर शोधायला लागत नाहीत. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालून पाहिले. बल्ब गेलाय का ते तपासायला गाडी अधूनमधून बारीक वीज सोडते, त्यामुळे बंद असतानाही लुकलुकायचे. चार दिवसांत काढले. समोरच्याचे डोळे वाचले.

टायर रन-फ्लॅट होते, म्हणजे हवा गेली तरी ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर नेतात. पण कडेला चार आकडे होते ३४१६, म्हणजे २०१६ च्या चौतिसाव्या आठवड्यातले. दगड झाले होते. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या वळणवाटांवर त्यांच्यावर बसून कंबर मोडायची वेळ आली. साधे टायर घातले, ३८,००० चारांचे. गाडी एकदम गादीवर बसल्यासारखी झाली. स्टेपनीला मूळ जागाच नाही, म्हणून पंप आणि पंक्चरचं किट डिकीत, आणि लांब जाताना डिकीत आडवी एक स्टेपनी. सामान मग मागच्या सीटवर.

चौदा महिन्यांत डिझेल आणि विमा सोडून १ लाख ६२ हजार लागले. हायवेला १७ चा ॲव्हरेज देते, गावात ११. कागलच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि पाय थोडा दाबला की आठव्या गिअरमध्ये इंजिन १,५०० फेऱ्यांवर गुणगुणतं, आणि मागे वडील झोपलेले असतात. म्हशींचा विषय ते अलीकडे काढत नाहीत.

सध्या मागच्या डाव्या दारात काहीतरी खडखडतंय. काचेची क्लिप असावी. पावसाळा संपेपर्यंत दार उघडणार नाही.