विहिरीच्या पाण्यासाठी घेतलेली लोहगाळणी: आठ महिन्यांचा अनुभव

डिचोलीतील आमची विहीर जांभ्यात खणलेली आहे, त्यामुळे पाणी उपसताना नितळ दिसते, पण कळशीत तासभर राहिले की पिवळे पडते, चहा काळसर होतो आणि चवथीला नेसायची पांढरी धोतरे धुतल्यावर तांबूस होतात. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह असले की असे डाग पडू लागतात. म्हणून दोन टाक्यांची गाळणी बसवून घेतली: पहिल्या टाकीत कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाची, खडी, दुसरीत मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेली वाळू.

पाणी उत्तम मिळते, हे आधीच सांगतो. विरघळलेल्या लोहाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा गाळ बनतो आणि तो वाळूत अडकतो. हा संयोग पाण्याच्या आम्लतेवर फार अवलंबून असतो. पीएच (आम्लता जितकी कमी, तितका हा अंक मोठा) एका अंकाने वाढला की वेग सुमारे शंभरपट होतो. जांभ्यातले पाणी आम्लधर्मी असल्यामुळे आधी आम्लता कमी करणारे कॅल्साइट लागतेच.

पण या दोन टाक्यांतल्या रासायनिक क्रिया प्रवाहावर परस्परविरुद्ध परिणाम करतात, आणि विक्रेत्याने याविषयी अवाक्षर काढले नव्हते. वाळूत गाळ साचून कणांमधली पोकळी बुजते. ती 40 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, तर गणिताने पाण्याची वाट सुमारे चौदापट अवघड होते. पंधरा दिवसांनी एकदा उलटा प्रवाह सोडून वाळू धुवा, असे आम्हाला सांगितले होते. प्रत्यक्षात पाचव्याच दिवशी नळाची धार करंगळीएवढी झाली. आता मी दर तिसऱ्या दिवशी धुतो, आणि पहिली दहा मिनिटे अक्षरशः गेरूचे पाणी बाहेर येते.

कॅल्साइटचे नेमके उलट आहे. ते विरघळते, आणि जिथे पाणी थोडे अधिक वाहते तिथे अधिक विरघळून वाट आणखी रुंद होते. सहाव्या महिन्यात झाकण उघडले तेव्हा एका कडेला बोटभर खोल चर पडलेला होता, तर बाकीच्या खड्यांवर पिवळट लोहाचे कवच चढून ते निष्क्रिय झाले होते. सगळे पाणी त्या चरातूनच निसटत असल्याने धोतरांवर पुन्हा तांबूस छटा येऊ लागली होती. खडी ढवळून, वरून नवी भर घातल्यावर दोन दिवसांत पाणी सुधारले.

गाळणी घेण्यासारखी आहे. मात्र दोन्ही टाक्यांना आधी आणि नंतर दाबमापक बसवून घ्या, आणि हात आत जाईल एवढ्या रुंद तोंडाचीच कॅल्साइटची टाकी मागा.