सांबा एडी, विंडोज, उबुंटू आणि मॅक: सगळ्यांना एकच लॉगिन, वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यात एरंडवण्यात डिझाइन ऑफिस, भोसरी एमआयडीसीत शॉप, मधे व्हीपीएन (दोन्ही जागा जोडणारं खाजगी नेटवर्क). अकाउंट्स आणि स्टोअरला विंडोज, टेस्टिंगवाल्यांना उबुंटू, कॅटलॉगचं काम करणाऱ्यांना मॅक. या सगळ्यांना एका यूजरनेम-पासवर्डवर आणण्यासाठी सांबा या मोफत सॉफ्टवेअरचा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे सगळे यूजर आणि मशीन यांची एकच नोंदवही) सर्व्हर बसवला. सांबाला हे काम २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० आवृत्तीपासून करता येतं. सर्व्हर फुकट आहे आणि विंडोज सर्व्हरसारखी प्रत्येक यूजरमागे कॅल (वापराचं लायसन्स) घ्यावी लागत नाही. मात्र क्लायंटवरचं, म्हणजे यूजरच्या मशीनवरचं, विंडोज प्रो हवं. होम आवृत्ती डोमेनला (या सर्व्हरखालच्या मशीनच्या गटाला) जोडताच येत नाही, आणि दुकानातून थेट उचललेल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होमच असतं. खरेदीच्या आधीच बघा.

निकाल आधीच सांगतो. लॉगिन एक होतं, अगदी व्यवस्थित होतं. सेटिंग्ज मात्र तिन्हीकडे एक होत नाहीत, आणि तो हट्ट धरला तर जे नीट चाललंय तेही बिघडतं.

बसवताना डोमेनचं नाव नीट ठरवा. शेवटी ‘डॉट लोकल’ लावायचा मोह टाळा, कारण मॅकचं बॉनजूर आणि लिनक्सचं आवाही (नेटवर्कवरची यंत्रं आपोआप शोधणाऱ्या सेवा) तेच नाव स्वतःसाठी वापरतात आणि लॉगिन अडखळतं. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनखाली ‘एडी’ असा उपविभाग काढणं उत्तम. प्रोव्हिजन करताना (डोमेन पहिल्यांदा उभारताना) आरएफसी२३०७ चा पर्याय, म्हणजे डिरेक्टरीत लिनक्सचे यूजर क्रमांक ठेवायची सोय, लगेच चालू करा, नंतर जोडणं कटकटीचं आहे. डोमेन कंट्रोलर, म्हणजे हा सांबा सर्व्हर, उबुंटूवर असेल तर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (उबुंटूची नावं शोधणारी सेवा) पोर्ट ५३ धरून बसलेलं असतं. ते आधी बंद करा, नाहीतर सांबाचं डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) उठतच नाही. मशीनला नाव देताना १५ अक्षरांच्या आत राहा, त्यापुढचं नेटबायोस (विंडोजची जुनी नावांची पद्धत) कापून टाकतं.

सगळ्यात जास्त तक्रारींचं मूळ मात्र राउटरमध्ये सापडतं. डीएचसीपीत (मशीनना नेटवर्कची सेटिंग्ज वाटणाऱ्या सेवेत) पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा, ‘असू दे आपला’ म्हणून, गूगलचा ८.८.८.८. दुसरा डीएनएस म्हणजे नुसता राखीव गडी नव्हे. क्लायंट त्याला कधीही विचारतो, तो ‘असं डोमेनच नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि विंडोज लॉगिनला मिनिटं लावतं. दोन्ही जागी आपलेच कंट्रोलर हवेत. बाहेरच्या नावांसाठी सांबाच्या कॉन्फिगमध्ये फॉरवर्डर (पुढे विचारायचा डीएनएस) द्या, काम झालं.

दुसरी गोष्ट घड्याळ. केर्बेरॉसला (एडीत लॉगिनची तिकिटं देणाऱ्या पद्धतीला) मशीन आणि कंट्रोलरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. भोसरीत गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स, लाइट तासन्‌तास बंद. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर२०३२ सेल संपलेला असला की लाइट आल्यावर मशीन काही वर्षं मागच्या तारखेने उठतं, आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. यूजर पासवर्ड रीसेट मागतो, रीसेट करूनही काही होत नाही. अशा वेळी आधी तारीख बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, सेलचं एक पाकीट आणून ठेवणं हे कुठल्याही पॅचपेक्षा उपयोगी. कंट्रोलरवर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) लावा आणि त्याला सांबाचं एनटीपी साइनिंग सॉकेट (वेळेच्या उत्तरावर सांबाची सही मिळवणारा दुवा) जोडून द्या. ते नसेल तर विंडोज क्लायंट कंट्रोलरची वेळ मानत नाहीत.

लिनक्सच्या बाजूला रिअल्मडी (मशीन डोमेनला जोडणारं) आणि एसएसएसडी (डोमेनचे यूजर ओळखणारं). ‘रिअल्म जॉइन’ दोन मिनिटांत होतं, पण नवीन यूजरचं होम फोल्डर आपोआप बनावं यासाठी पॅममध्ये (लिनक्सच्या लॉगिन व्यवस्थेत) एमकेहोमडिर चालू करावं लागतं. एसएसएसडीच्या कॉन्फिग फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. ती इतरांना वाचता येत असेल तर सेवा सुरूच होत नाही. पासवर्ड बरोबर, घड्याळही बरोबर, तरी ‘सिस्टम एरर ४’ येत असेल तर ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून मशीनना लागू होणारे नियम) तपासताना एसएसएसडी अडकलंय का ते पाहा. ‘एडी-जीपीओ-ॲक्सेस-कंट्रोल’ तात्पुरतं परमिसिव्ह (न अडवता नुसती नोंद करणारं) केलं की कळतं.

आता यूजर क्रमांक, म्हणजे यूआयडी. याकडे सुरुवातीला कोणी बघत नाही. एसएसएसडी स्वतःच्या हिशोबाने क्रमांक काढतं, फाइल सर्व्हरवरचं विनबाइंड (सांबाचा यूजर ओळखणारा भाग) वेगळ्या हिशोबाने. एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले की एनएफएसवरच्या (लिनक्सच्या नेटवर्क फोल्डरवरच्या) त्याच्याच फाइल त्याला परक्या होतात. उपाय म्हणजे प्रत्येक यूजरला डिरेक्टरीतच १०००० पासून पुढे क्रमांक द्यायचा, एसएसएसडीत आयडी मॅपिंग बंद करायचं आणि विनबाइंडला ‘एडी’ बॅकएंड द्यायचा. ‘डोमेन यूजर्स’ या ग्रुपलाही क्रमांक द्यायला विसरू नका. तो नसेल तर विनबाइंडला एकही यूजर दिसत नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. हे सगळं मशीन जोडायच्या आधी करा. नंतर केलंत तर प्रत्येक फोल्डरची मालकी बदलत बसावं लागेल.

पासवर्डचे नियम ग्रुप पॉलिसीत लिहून उपयोग नाही, सांबा मुळात ते तिथून घेत नाही. सांबा-टूल या सांबाच्या कमांडच्या पासवर्ड-सेटिंग्जमधूनच बदला. न बदलल्यास ४२ दिवसांची मुदत लागू होते. विंडोज आधी आठवण करते, मॅकवाल्याला मात्र अचानक दारातच अडवलं जातं. त्याने दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलला की मॅकवरचं लॉगिन कीचेन (साठवलेल्या पासवर्डची तिजोरी) जुन्याच पासवर्डवर राहतं आणि फाइलव्हॉल्टही (डिस्कचं कुलूप) जुनाच मागतं. मॅकबुक डोमेनला बांधण्यापेक्षा त्यावर लोकल अकाउंट ठेवून ॲपलचं केर्बेरॉस एसएसओ (एकदाच लॉगिन) एक्स्टेन्शन वापरणं जास्त सुखाचं. त्याला एमडीएम (मशीन दुरून सांभाळणारी सेवा) लागतं, तो खर्च आधी धरा. एका जागी बसलेला आयमॅक असेल तर बांधायला हरकत नाही.

सेटिंग्जचं बोलायचं तर विंडोजचं रोमिंग प्रोफाइल (यूजरबरोबर मशीनमशीनवर फिरणारी सेटिंग्ज) विसराच. लॉगऑफच्या वेळी सगळं सर्व्हरवर जातं, दोन मशीनवर लॉगिन असेल तर शेवटी बाहेर पडलेल्याचं टिकतं, आणि ॲपडेटामधला (प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठेवणाऱ्या फोल्डरमधला) लोकल भाग फिरतच नाही. वर विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे प्रोफाइलला व्ही२, व्ही६ अशी शेपूट लागते, त्यामुळे जुन्या विंडोज ७ वरचं दहावर दिसत नाही. त्याऐवजी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर रीडायरेक्शन लावा, म्हणजे ती फोल्डरं थेट सर्व्हरवर ठेवा. लिनक्सचं अख्खं होम एनएफएसवर टाकायचा विचारही सोडून द्या. फायरफॉक्सच्या एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलींचं लॉकिंग तिथे बेभरवशाचं होतं. होम मशीनवरच ठेवा, कामाचं फोल्डर तेवढं सर्व्हरवर. प्रॉक्सी किंवा स्क्रीन लॉकची वेळ सगळ्या उबुंटूवर सारखी हवी असेल तर डीकॉन्फचा (उबुंटूच्या डेस्कटॉपची सेटिंग्ज साठवणाऱ्या व्यवस्थेचा) सिस्टम डेटाबेस आणि लॉक्स वापरा. फाइल टाकल्यावर ‘डीकॉन्फ अपडेट’ चालवलं नाही तर काहीच बदलत नाही.

तिन्हीकडे खरोखर सारखं जे ठेवता येतं ते ब्राउझरमध्ये. फायरफॉक्सच्या पॉलिसी विंडोजवर ग्रुप पॉलिसीतून, लिनक्सवर जेसन फाइलमधून, मॅकवर प्रोफाइलमधून जातात, पण आतली नावं बहुतेक तीच. होमपेज, बुकमार्क, सर्टिफिकेट एवढं सारखं असलं तरी लोकांची कुरकुर थांबते.

मराठी कीबोर्ड मात्र ज्याचा त्याला निवडू द्या, तो लादला की वैर ओढवतं. फक्त सामायिक फाइलींची नावं सांभाळा. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता म्हणूनही. डोळ्यांना सारखंच, पण विंडोज आणि लिनक्सच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. शोधूनही न सापडणाऱ्या फाइलींपैकी काहींचं कारण हे निघतं.

माणूस नोकरी सोडून गेला की अकाउंट डिसेबल करणं एका ओळीचं काम आहे, पण त्याचं आधी मिळालेलं केर्बेरॉस तिकीट साधारण दहा तास चालतं, आणि लॅपटॉप नेटवर्कबाहेर असेल तर साठवलेल्या पासवर्डवर तो नंतरही उघडतो. म्हणून लॅपटॉप हातात घेतल्याशिवाय हिशेब पूर्ण करू नये.

कंट्रोलर दोन ठेवा, दोन वेगळ्या मशीनवर. यूजर आपोआप दोन्हीकडे जातात, पण सिसव्हॉल, म्हणजे ग्रुप पॉलिसीच्या फाइली, सांबा स्वतः पोचवत नाही. त्याला आरसिंक (फाइली कॉपी करून जुळवणारा प्रोग्रॅम) लावा, एकाच दिशेने, आणि पॉलिसी नेहमी पहिल्यावरच बदला. बॅकअप सांबा-टूलच्या ऑनलाइन बॅकअपनेच घ्या. व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) जुना स्नॅपशॉट परत आणला तर दोन कंट्रोलरांचे हिशोब जुळत नाहीत, आणि मधल्या काळात ज्या मशीननी आपला डोमेन पासवर्ड बदलला (विंडोज तो दर ३० दिवसांनी बदलते) त्यांचा डोमेनशी असलेला विश्वास तुटून ती पुन्हा जोडावी लागू शकतात.