नवी पेठेतील नर्सिंग भरती वर्ग: तीन महिन्यांचा अनुभव

माझी भाची सातारा जिल्ह्यातून जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी तिने मिळवली आणि त्यानंतर आठ महिने ती घरी होती. ‘नर्सला काय, कुठेही नोकरी मिळते’ हे वाक्य तिने या काळात इतक्यांकडून ऐकले, की शेवटी बॅग भरून ती माझ्याकडे पुण्याला आली. मी स्वतः सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले असल्याने तिच्यासाठी वर्ग शोधण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. शास्त्री रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, एमपीएससीच्या अभ्यासिकांच्या दाटीत, परिचारिकांसाठी चालणारे एक मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे ती तीन महिने शिकली, आणि तिच्याबरोबर चौकशीला, पैसे भरायला आणि पुढे पैसे परत मागायलाही मीच गेले.

केंद्राचे नाव मी लिहिणार नाही. परताव्याचा धनादेश देताना संचालकांनी नाव कुठेही न टाकण्याचा शब्द माझ्याकडून घेतला आणि मी तो दिला. अनुभव न लिहिण्याचा शब्द त्यांनी मागितला नव्हता.

केंद्रात दोन गोष्टी विकत मिळतात आणि त्या दोन वेगळ्या टेबलांवर मिळतात, हे आम्हाला उशिरा कळले. आतल्या खोलीत भरती परीक्षेची तयारी करून घेतात, त्याचे अठरा हजार रुपये. बाहेरच्या काचेच्या कक्षात ‘नोकरीची हमी’ असते, आणि तिचा दर देशागणिक बदलतो. पहिल्या गोष्टीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. दुसरीला एक देताना हात आखडतो.

आधी शिकवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ते खरोखर चांगले आहे. मुख्य शिक्षक एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, आहेत आणि मॉर्निंग ड्यूटी संपवून संध्याकाळी शिकवायला येतात. मी एकदा मागे बसून त्यांचा तास ऐकला. त्यांनी फळ्यावर साधे उदाहरण घातले: ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचे आहे, सेट २० थेंबांना एक मिलीचा आहे, तर मिनिटाला थेंब किती? माझ्या भाचीने पटकन २१ असे उत्तर दिले आणि ते बरोबर होते. मग ते म्हणाले, “चार तासांनी तुम्ही राउंडला गेलात, बाटलीत अजून ३५० मिली शिल्लक आहे. आता काय कराल?” अर्ध्या वर्गाने लगेच आकडेमोड करून २९ थेंब सांगितले. सरांनी खडू खाली ठेवला. “थेंब वाढवण्याआधी हात बघा. सुईच्या जागी सूज आहे का, पेशंटने हात दुमडून ठेवला आहे का, नळी कुठे दबली आहे का. पेशंट हृदयाचा किंवा किडनीचा असेल तर राहिलेले सलाईन मनाने पळवायचे नाही, डॉक्टरांना विचारायचे आणि नोंद करायची.” वॉर्डात कित्येक नव्या मुलींना मी हीच गोष्ट सांगत आले आहे, पण परीक्षेच्या वर्गात कोणी ती सांगेल अशी माझी अपेक्षा नव्हती. दर आठवड्याची चाचणी, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही आणि त्या वहीतूनच पुढची चाचणी ही पद्धतही उत्तम आहे. छापील नोट्स मात्र जुन्या आहेत आणि त्यांत शुद्धलेखनाचे हाल आहेत.

याच सरांकडून मला नोकरीच्या बाजाराची सर्वांत प्रामाणिक माहिती मिळाली, तीही काचेच्या कक्षाबाहेर, चहाच्या टपरीवर. एम्सतर्फे होणारी ‘नॉरसेट’ ही परिचारिका भरतीची परीक्षा त्यांनी तीनदा दिली आहे. त्या भरतीत एम्समधल्या ८० टक्के जागा महिलांसाठी असल्याने उरलेल्या २० टक्क्यांत पुरुष उमेदवारांची झुंबड उडते आणि त्यांची गुणांची रेषा वर जाते. ही नोकरी लागली तर केंद्रीय वेतनश्रेणीत मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) ३५,४०० रुपयांपासून. “माझा हॉस्पिटलचा पगार आणि इथले मानधन एकत्र केले की त्या मूळ वेतनाच्या जवळपास जातो, मॅडम,” असे ते हसत म्हणाले. ज्या केंद्राच्या दारावर ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहिले आहे, त्याच केंद्राचा सर्वांत चांगला शिक्षक दुसऱ्या नोकरीशिवाय घर चालवू शकत नाही, हे मला तिथल्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त बोलके वाटले.

सरकारी भरतीबद्दल केंद्र खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलते. २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण विभागाने अधिपरिचारिकांची मोठी भरती केली आणि त्यात निवडल्या गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आजही जिन्याच्या भिंतीवर आहेत. पण सरकारी भरती पावसासारखी असते. जाहिरात निघाली की एकदम धो-धो, मग लांबलचक उघडीप. त्या उघडिपीत मुलीने काय खायचे, हा प्रश्न काचेच्या कक्षातल्या समुपदेशक बाईंना विचारला तेव्हा त्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदे, तीही ओझरती, सांगून विषय परदेशाकडे वळवला. समुदाय आरोग्य अधिकारी या पदाचा तर उल्लेखही झाला नाही. आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांवर निर्माण झालेल्या या पदासाठी जीएनएम झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो आणि महाराष्ट्रात २५ हजार रुपये ठरावीक व १५ हजारांपर्यंत कामावर आधारित मोबदला मिळतो. पद कंत्राटी आहे हे खरे, तरी गावाकडून आलेल्या मुलीला ते सांगायलाच हवे होते. त्यात केंद्राला काही मिळत नाही, म्हणून ते राहिले असावे.

हमीपैकी पहिली हमी स्थानिक नोकरीची होती. केंद्राने भाचीला उपनगरातल्या एका साठ खाटांच्या रुग्णालयात मुलाखतीला पाठवले. देऊ केलेला पगार सोळा हजार. त्यातून जेवणाचे कापणार. बारा तासांची नाईट. दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ प्रमाणपत्रे ‘सुरक्षिततेसाठी’ त्यांच्या कपाटात. मी भाचीला तिथूनच उठवून आणले. परिचारिकांच्या वेतनाबाबत २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली होती आणि तिच्या शिफारशी अगदी स्पष्ट आहेत: दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा लहान रुग्णालयातही किमान २० हजार. राज्याचे ३५,४०० हे नुसते मूळ वेतन धरले तरी साठ खाटांच्या रुग्णालयाचा हिशेब २६,५५० रुपयांवर जातो. केरळने २०१८ मध्ये २० हजारांचे किमान वेतन अधिसूचित तरी केले. पुण्यातल्या लहान रुग्णालयांत या शिफारशींचा वारा लागल्याचे मी पाहिलेले नाही. समुपदेशक बाईंना मी हे आकडे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, सध्या मार्केट डाऊन आहे.”

या उत्तरात तथ्य अजिबात नाही असे नाही. दिवस तंगीचे आले म्हणून माणसे आजारी पडायची थांबत नाहीत, पण गुडघ्याची आणि मोतिबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, विम्याचा हप्ता थकवतात, खासगीऐवजी ससून या सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. खासगी रुग्णालयाच्या खाटा रिकाम्या राहू लागल्या की पहिली कात्री लागते ती ड्यूटी लिस्टला: सुटलेल्या सिस्टरच्या जागी नवी येत नाही, तिघींचा वॉर्ड दोघींवर येतो, आणि कायम नेमणुकीऐवजी ‘ट्रेनी’ नावाने मुली घेतल्या जातात. म्हणजे काम कमी होत नाही. त्याचा मोबदला आणि त्याची शाश्वती कमी होते. ‘कुठेही नोकरी मिळते’ हे म्हणणारे नातेवाईक आणि ‘शंभर टक्के’ म्हणणारे केंद्र, दोघेही शब्दशः बरोबर ठरतात ते असे.

आता परदेशाबद्दल. काचेच्या कक्षात जगाचा मोठा नकाशा आहे आणि त्यावर रंगीत टाचण्या. जर्मनीच्या पॅकेजसाठी पासष्ट हजारांचा पहिला हप्ता आम्ही भरला, ही माझी चूक. जर्मनीला परिचारिका हव्या आहेत, यात शंका नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे. पण बाईंनी टॅबलेटवर युरोला रुपयांनी गुणून जो पगार दाखवला, त्यातून कर आणि विमा वजा केलेला नव्हता. एकट्या माणसाच्या पगारातून तिथे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम त्यातच जाते. दुसरे म्हणजे जर्मन भाषेची बी-२ पातळी (बी-१च्या वरची) आणि आपल्या शिक्षणाची मान्यता मिळेपर्यंत पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही. तोवर मदतनीस म्हणून, कमी पगारावर राहावे लागते. भाषा शिकवायला केंद्राने ज्या तरुणाला नेमले होते तो स्वतः बी-१ उत्तीर्ण होता. बोट क्लब रस्त्यावर जर्मन शिकवणारे मॅक्स म्युलर भवन असताना आम्ही हे पैसे नवी पेठेत का भरले, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

ब्रिटनची टाचणी अजून जागेवर असली, तरी तिथली परदेशी परिचारिकांची भरती २०२४ पासून झपाट्याने आटली आहे. शिवाय केंद्राच्या पत्रकात ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत बी श्रेणी हवी असे छापले आहे, तर ब्रिटनच्या परिचर्या परिषदेला लेखनात सी प्लस चालते. एवढ्या फरकापायी मुली पुन्हा परीक्षेची फी भरतात. अमेरिकेसाठी ‘एन्क्लेक्स’ ही तिथली परिचारिकांची परवाना परीक्षा उत्तीर्ण होणे ही पहिली पायरी आहे, त्यापुढे भारतीयांसाठी स्थलांतराच्या व्हिसाची रांग दशकाहून लांब आहे, हे तिथे कोणी बोलत नाही. आखाताचे तर सरळ आहे: २०१५ पासून तिथल्या देशांत परिचारिकांची भरती केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या, प्रामुख्याने राज्य सरकारांच्या संस्थांमार्फतच होऊ शकते. तरीही कुवेतवर एक टाचणी होती. मी बोट ठेवून विचारले, तेव्हा ती ‘जुनी’ असल्याचे कळले.

पैसे परत मिळण्याचे श्रेय एका नियमाला आहे. परदेशी भरतीसाठी नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. १८ टक्के जीएसटी धरून ही रक्कम ३५,४०० होते. गंमत अशी, की राज्याच्या अधिपरिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतनही तंतोतंत तेवढेच आहे. मी संचालकांना त्यांचा परदेशी भरतीचा नोंदणी क्रमांक विचारला. त्यांनी आधी ‘पैसे ट्रेनिंगचे आहेत’ असे सांगितले, मग पावतीवर लिहिलेला ‘प्लेसमेंट’ हा शब्द दाखवल्यावर पाणी मागवले. तीन फेऱ्या आणि सहा आठवडे गेले, पण पासष्टपैकी पंचेचाळीस हजार परत आले. वीस हजार भाषेच्या वर्गाचे म्हणून कापले. आवाज कोणी चढवला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

हमी नको, फक्त वर्ग हवा, असे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले तर केंद्र तेही देते. थोडे तोंड वाकडे करून देते. अठरा हजार दोन हप्त्यांत भरता येतात. पावतीवर नेमके कशाचे पैसे हे लिहून घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे दाखवून तिथेच परत घ्यावीत. छायाप्रतीवर त्यांचे काम भागते, हे मी विचारून खात्री केली आहे. वाहन लावायला जागा नाही. स्वच्छतागृह मुलींसाठी वेगळे आहे आणि स्वच्छ असते.

भाची सध्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात वर्षभराच्या करारावर आहे. पगार बावीस हजार, बॉण्ड नाही, प्रमाणपत्रे माझ्या कपाटात. ती जागा तिला सरांनी सांगितली, केंद्राने नव्हे. वर्ग तिने सोडलेला नाही. रविवारची बॅच सकाळी साडेसातला सुरू होते आणि नाईट संपवून आलेल्या मुलींसाठी मागची दोन बाके रिकामी ठेवलेली असतात. तिथे कोणाला डोळा लागला तर सर उठवत नाहीत. तास संपल्यावर त्या दिवसाचे प्रश्न तिच्या वहीत स्वतः लिहून ठेवतात.