साधी मच्छरदाणी की औषधवाली? गडचिरोलीला निघालेल्यांसाठी

एटापल्ली-भामरागडकडे बदली झाली की सामानात मच्छरदाणी येतेच. प्रश्न एवढाच, की बाजारातली घडीची चेनवाली साधी घ्यायची, की आरोग्य खात्याकडून मिळते ती डास मारणाऱ्या औषधाची, म्हणजे औषधवाली. मी दोन्हींत झोपलोय.

साधीची सोय नाकारता येत नाही. खिळे नकोत, दोऱ्या नकोत. धानाच्या जागलीवर नेली तरी उघडली की उभी. मळली तर कशीही धुवा, उन्हात टाका. औषधवालीचे नखरे फार. साबण सौम्य हवा, वाळवायची सावलीत, आणि नाल्यात धुवायची नाही, कारण तिच्यातलं औषध माशांना मारक असतं. नवी असताना दिवसभर सावलीत वाऱ्यावर टांगली तरी पहिल्या एक-दोन रात्री चेहरा चुणचुणतो. एवढं करून तिचं औषध टिकतं साधारण 20 धुण्या किंवा 3 वर्षं.

तरीही मी साधी सोडली ती गुडघ्यापायी. मला पाय दुमडून कुशीवर झोपायची सवय. घडीची मच्छरदाणी अरुंद, त्यामुळे गुडघा रात्रभर जाळीला टेकलेला. डास बाहेर बसून निवांत चावणार आणि सकाळी नेमकं तिथंच गांधींचं मोहोळ. चेन दोन-चार दात सोडते तो त्रास वेगळाच. औषधवालीतही गुडघा टेकतोच, पण जाळीवर डास फार वेळ बसत नाही. मोजमाप केलेलं नाही. खाजवणं कमी झालं, इतकंच सांगू शकतो. उंदराने भोक पाडलं तरी साधीसारखी ती लगेच निकामी होत नाही.

‘पण आता डासांना औषध पचतं ना?’ पचतं. ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा आपल्याकडचा मलेरियाचा मुख्य वाहक डास फवारणीतल्या डीडीटी आणि मॅलॅथिऑनला तर सरावलाच, पण मच्छरदाणीतल्या औषधाला, म्हणजे पायरेथ्रॉइडलाही काही भागांत दाद देत नाही. डोंगराळ ओढ्यांकाठचा फ्लुव्हिएटिलिस हा दुसरा वाहक डास मात्र बहुतेक ठिकाणी अजून मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने 5 देशांत झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली भारतातली गावं आपल्या शेजारचीच, छत्तीसगडच्या कोंडागाव जिल्ह्यातल्या केशकालची. डास औषधाला सरावलेले असोत-नसोत, औषधवाल्या मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना मलेरियाची लागण कमी, असं त्यात एकंदर दिसलं. अर्थात तिथं तुलना मच्छरदाणी न वापरणाऱ्यांशी होती, साधीशी नव्हे; हे मान्य करायला हवं.

औषधाने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर टांझानियात जास्त स्पष्ट मिळतं. मिसुंग्वीत पायरेथ्रॉइडला सरावलेल्या डासांसमोर क्लोरफेनापायर या दुसऱ्या कीटकनाशकाची जोड दिलेल्या मच्छरदाण्या वापरल्या, तेव्हा नुसत्या पायरेथ्रॉइडवालीच्या तुलनेत मुलांमधला मलेरिया 2 वर्षांत 44 टक्क्यांनी कमी भरला. जाळी दोन्हींकडे होती, बदललं ते औषध. तिथले डास वेगळे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इकडे लावू नये. पण अशी जोडऔषधाची मच्छरदाणी कधी हाती आली तर मी तीच टांगेन.

रात्रीची फिरती असेल तर घडीचीही जवळ असू द्या, तिला माझा विरोध नाही. घरी मात्र औषधवाली लावा, आणि घेताना मोठ्या मापाची मागा; गादीखाली चारी बाजूंनी खोचता आली पाहिजे.