केर काढणारा रोबॉट, आठ महिन्यांनंतर: घेऊ का विचारणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, हा पेड रिव्ह्यू नाही, स्वतःच्या पैशाने घेतलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या या जातीच्या जवळपास सगळ्याच मशीनना लागू होतील, उगाच एकालाच कशाला झोडपायचं. प्रकार म्हणजे डोक्यावर छोटा गोल बुरूज असलेला, लेझरने घराचा नकाशा बनवणारा, केर ओढून घेणारा आणि मागे ओलं फडकं फिरवत जाणारा. रोज एकदा चालतो.

पहिल्या दिवशी खोकं उघडून सोडला आणि ॲप बघत बसलो. बुरूज आत गरगर फिरतोय, लेझर भिंतीवर आपटून परत येतोय आणि मोबाईलवर आपल्याच घराचा प्लॅन हळूहळू उमटतोय, खोलीला खोली जोडली जातेय, हे बघताना खरं सांगू का, केराचं विसरूनच गेलो. यात गंमत अशी की नकाशा असल्याशिवाय आपण कुठे आहोत ते कळत नाही आणि कुठे आहोत ते कळल्याशिवाय नकाशा काढता येत नाही, तर हा पठ्ठ्या दोन्ही एकदमच करतो. रोबॉटिक्सवाले याला स्लॅम म्हणतात आणि ड्रायव्हरलेस गाड्यांच्या पोटातसुद्धा हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. २००२ मध्ये रूंबा हा केर काढणारा रोबॉट पहिल्यांदा आला तेव्हा त्याला असलं काही नव्हतं, भिंतीला धडक, वळ, पुन्हा धडक, असं नशिबावर हवाला ठेवून फिरायचा. माझा सरळ पट्टे मारतो, शेत नांगरल्यासारखे.

मला या विषयाचं जुनं वेड आहे म्हणून थोडं विषयांतर. २००४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत ठेवली होती, सगळ्यात पुढे गेलेली गाडी साधारण १२ किलोमीटरवर अडकली, पोचलं कोणीच नाही. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाची स्टॅन्ली नावाची गाडी २१२ किलोमीटर जाऊन जिंकली, तिच्या टपावर पाच लेझर बसवलेले होते. मग गोल फिरणारे लेझर आले, २००७ च्या शहरी शर्यतीत बऱ्याच गाड्यांच्या डोक्यावर तेच गरगरत होतं. आणि आता तसलंच, अर्थात खूप साधं आणि स्वस्त, माझ्या घरात केर काढतंय. तीन वर्षांपूर्वीचा फोन आज टाकाऊ वाटतो पण हे बघून अजून भारी वाटतं राव.

आता तक्रारी, कारण त्यासाठीच तुम्ही इथवर वाचलंत.

पहिली म्हणजे वायर. दुसऱ्याच आठवड्यात चार्जरची वायर गिळली, ब्रशला अशी गुंडाळून घेतली की शेवटी कात्री चालवावी लागली. मी म्हटलं अरे एवढा लेझर आहे ना तुझ्याकडे, दिसत नाही का? तर नाहीच दिसत. बुरुजातला लेझर जमिनीपासून चार बोटं वर एकाच आडव्या पातळीत फिरतो, त्याच्या खाली जे काही पडलंय, वायर, मोजा, पायपुसण्याची दशी, ते त्याच्या जगात नाहीच. महागड्या मॉडेलना पुढच्या बाजूला वेगळा कॅमेरा किंवा सेन्सर असतो त्यासाठी. माझ्याला नाही, म्हणून तो चालू करण्याआधी मीच घरभर वाकून वस्तू उचलतो. म्हणजे रोबॉटसाठी केर काढायच्या आधी मी आवरतो. आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मग त्याचा उपयोग काय?" उत्तर आजही नीट देता येत नाही.

पण वायरवरून मला वेमोची, म्हणजे गूगलच्या घरातल्या ड्रायव्हरलेस टॅक्सीवाल्या कंपनीची, आठवण झाली. मे २०२५ मध्ये त्यांनी १२१२ गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं, कारण गाड्या साखळ्या, गेट असल्या अडथळ्यांवर जाऊन आपटत होत्या. म्हणजे कार असो की केरवाला, मोठी भिंत आणि चालता माणूस यावर सगळ्यांचं लक्ष, आणि नाक कापलं जातं ते असल्या किरकोळ वस्तूंपायी.

दुसरी तक्रार आरसा. कपाटाला जमिनीपर्यंत आरसा आहे, लेझर त्यात शिरून परत येतो आणि याला वाटतं पलीकडे आणखी एक खोली आहे, नकाशात ती व्यवस्थित काढलेली, दार वगैरे सकट. रोज तिकडे जायचा प्रयत्न करायचा आणि आरशाला टकरा द्यायचा. शेवटी ॲपमध्ये तिथे 'इकडे जायचं नाही' अशी लाल रेघ मारली, तेव्हा कुठे गप्प बसला. तिसरी, काळा गालिचा. पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात, जिना आला की थांबावं म्हणून, पण काळा रंग तो प्रकाश पिऊन टाकतो, मग याला वाटतं पुढे दरी आहे. गालिच्याच्या कडेशी येऊन थबकतो आणि मागे सरतो. शेवटी गालिचाच उचलून ठेवला.

आणि एक, मधेच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवू नका. एकदा पाहुणे आले म्हणून उचलला आणि आतल्या खोलीत सोडला, तर बिचारा जागेवरच गोल गोल फिरत बसला, मग त्याने नव्याने नकाशा सुरू केला आणि जुन्यावर तो तिरका चिकटवला. रोबॉटिक्समध्ये याला चक्क किडनॅप्ड रोबॉट प्रॉब्लेम असं नाव आहे, वाचून हसू आलं पण प्रॉब्लेम खरा आहे.

साफसफाई कशी होते? केर चांगला निघतो, धूळ तर इतकी निघते की आपण आधी कशात राहत होतो असं वाटतं. कोपरे राहतात, गोल मशीन चौकोनी कोपऱ्यात जाणार कसं. लांब केस रोलरला अडकतात, आठवड्यातून एकदा कापून काढायचे. ओलं पुसणं मात्र नावालाच, वाळलेला डाग तो नुसता ओला करून पुढे जातो.

कॅमेरावालं मॉडेल मी जाणूनबुजून घेतलं नाही. २०२२ मध्ये बातमी आली होती की टेस्टिंगच्या काही रूंबांनी घरात टिपलेले फोटो, त्यात बाथरूममधल्या बाईचाही एक, एआयला शिकवण्यासाठी फोटोंना लेबल लावणाऱ्या कामगारांकडून बाहेर फुटले. टेस्टिंगचे होते, दुकानातले नव्हते, हे मान्य, पण मला नको. लेझरला फक्त अंतर कळतं, चेहरा नाही. गाड्यांमध्येही कॅमेरा की लेझर हा वाद आहेच, टेस्लाने २०२१ मध्ये रडारसुद्धा काढून कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली आणि वेमो लेझर, रडार, कॅमेरा सगळं लादून फिरते. कोण बरोबर ते ठरवणारा मी कोण, पण रात्री दिवे बंद असताना माझा केरवाला आरामात काम करतो, हे मी रोज बघतोय.

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या, माणसासारख्या दिसणाऱ्या रोबॉटचे व्हिडिओ बघून थांबलेल्यांनो, थांबू नका. घरकामासाठी बुकिंग सुरू झालेल्या अशा एका रोबॉटला जे काम जमत नाही ते दूर बसलेला माणूस त्याच्यामार्फत करून देतो, अशी सोय कंपनीनेच जाहीर केलीय. माझा निदान एकटा तरी काम करतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क वायरीचा कापला, एक मॉपचा. घर मोकळं असेल, फरशीवर पसारा कमी असेल तर घ्या. खेळणी पसरवणारी लहान मुलं असतील तर पुढचा सेन्सर असलेलाच घ्या नाहीतर रोज भांडण. आणि ऑर्डर करण्याआधी सोफ्याखालची उंची टेपने मोजा, बुरुजासकट मशीन किती उंच आहे ते बघा. मी मोजली नव्हती. बोटभर फट कमी पडली, आणि आता दर दोन दिवसांनी ऑफिसमध्ये मेसेज येतो की मी अडकलोय, मला सोडवा.