प्रचार थांबतो, खाते चालू राहते: अमेरिकी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळाचे परीक्षण

अमेरिकेत निवडणूक निधीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल इलेक्शन कमिशनचे, म्हणजे एफईसीचे, संकेतस्थळ मी पहिल्यांदा नीट पाहिले ते २०२४च्या मार्चमध्ये, एका साध्या शंकेपोटी. रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या निकी हेली यांनी ६ मार्चला आपला प्रचार ‘स्थगित’ केला होता. आपल्याकडे मुदतीत अर्ज मागे घेतला की विषय संपतो आणि मुदत टळली की नाव मतदान यंत्रावर राहतेच. मग तिथे ही अधांतरी अवस्था कशासाठी, हे मला पाहायचे होते.

संकेतस्थळ विनामूल्य आहे, नोंदणीही लागत नाही. उमेदवाराचे नाव टाकले की जमा, खर्च, शिल्लक आणि देणी समोर येतात. ‘स्थगित’ असा शेरा मात्र कुठेच दिसत नाही. आधी मला ही त्रुटी वाटली, पण दोष संकेतस्थळाचा नाही, कारण निवडणूक निधीच्या कायद्यात अशी अवस्थाच नाही. उमेदवार व्यासपीठावरून काहीही म्हणाला तरी त्याची प्रचार समिती आयोगाच्या लेखी चालूच असते. तिला ठरल्या तारखांना हिशेब द्यावे लागतात आणि देणी मिटल्याशिवाय गाशा गुंडाळता येत नाही.

म्हणून एकूण आकड्यांवर न थांबता मूळ अहवाल उघडावेत, आणि त्यातही शेड्यूल डी, जिथे कोणाचे किती देणे बाकी आहे ते ओळीने लिहिलेले असते. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या हिलरी क्लिंटन यांनी ७ जून २००८ रोजी प्रचार स्थगित केला तेव्हा समितीच्या डोक्यावर दोन कोटी डॉलरहून अधिक कर्ज होते आणि ते पुरते फिटायला २०१२ साल संपले. मधल्या काळात त्या परराष्ट्रमंत्री झाल्या, तरी ही खातेवही काही मिटली नव्हती.

यावरून ‘देणग्या घेता याव्यात म्हणूनच स्थगिती’ असा निष्कर्ष वर्तमानपत्रे काढतात, तो मला अर्धाच पटतो. उघड माघार घेणाऱ्यालाही जुनी देणी फेडण्यासाठी निधी गोळा करता येतो. खरा फरक पडतो तो प्रतिनिधींच्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या डेलिगेट्सच्या, बाबतीत, आणि तो या संकेतस्थळावर सापडणार नाही, कारण ते नियम पक्षांचे आणि राज्यांचे असतात. डेमोक्रॅटिक पक्षात २००८ साली रीतसर माघार घेणाऱ्याला राज्यपातळीवर मिळालेले प्रतिनिधी गमवावे लागत. त्याच पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्स यांनी ८ एप्रिल २०२० रोजी प्रचार थांबवताना, उरलेल्या राज्यांत आपण मतपत्रिकेवर राहू आणि प्रतिनिधी मिळवत राहू, असे उघडच सांगितले होते. हेली यांनाही प्रचार थांबवल्यानंतर सात आठवड्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत दीड लाखाहून अधिक मते पडली. शिवाय परतीची वाट मोकळी राहते ती वेगळीच, अर्थात त्यासाठी हा शब्द लागतोच असे नाही: अपक्ष उमेदवार रॉस पेरो १९९२च्या जुलैत सरळ बाहेर पडले, ऑक्टोबरमध्ये परतले आणि तरीही जवळपास १९ टक्के मते घेऊन गेले.

नवख्या वाचकाला फॉर्मांचे क्रमांक सुरुवातीला जड जातील. फॉर्म १ समितीचा, फॉर्म २ उमेदवारीचा आणि ३पी हा अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा हिशेब, एवढे लक्षात ठेवले की काम भागते. दोनशे डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्यांची नावे, गाव आणि व्यवसायही दिसतात. ती यादी घेऊन स्वतः वर्गणी मागायला मात्र कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

कोणाला एकच कागद पाहायचा असेल तर २१ जुलै २०२४चा फॉर्म १ पाहावा. बायडेन यांनी त्या दिवशी स्थगिती नव्हे, खरीखुरी माघार घेतली, पण समिती त्यानेही बंद झाली नाही: ‘बायडेन फॉर प्रेसिडेंट’ त्याच दिवशी ‘हॅरिस फॉर प्रेसिडेंट’ झाली आणि समितीचा नोंदणी क्रमांक होता तोच राहिला.