प्रतिकूल समाजात ख्रिस्ती जीवन: पेत्राच्या पहिल्या पत्रावरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

ख्रिस्ती विश्वासाविषयी आस्था नसलेल्या किंवा उघड वैर बाळगणाऱ्या समाजात विश्वासी माणसाने कसे राहावे, हे नव्या करारातील, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या आधारे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आमच्या अभ्यासगटाने नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, प्रत्येक व्याख्यानासोबत एक प्रश्नपुस्तिका आणि त्यानंतर गटाने करायची चर्चा अशी त्याची साधी रचना आहे. शिकवणारे अभ्यासू आहेत, भाषा संयमी आहे आणि भीती पसरवून श्रोत्यांना बांधून ठेवण्याचा प्रयत्न कोठेही दिसत नाही. तरीही या अभ्यासक्रमात एक मोठी उणीव आहे. विश्वासात ठाम कसे राहावे हे तो चांगले शिकवतो, परंतु जो ठाम राहू शकला नाही त्याच्याशी मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, कसे वागावे याविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही.

या विषयासाठी पेत्राचे पत्र निवडले हे अगदी योग्य झाले. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील प्रदेशांत विखुरलेल्या विश्वासी लोकांना ते लिहिलेले आहे. पत्र वाचताना जाणवते की, त्यांचा रोजचा त्रास तुरुंग किंवा तलवारीपेक्षा निंदा, संशय आणि शेजाऱ्यांचा दुरावा या स्वरूपाचा होता. चौथ्या अध्यायात म्हटले आहे की, पूर्वीचे सोबती आता तुम्ही त्यांच्या बेतालपणात सामील होत नाही याचे नवल करतात आणि तुमची निंदा करतात. आजही बहुसंख्य विश्वासी माणसांना जो विरोध भोगावा लागतो तो नेमका याच जातीचा असतो: कामाच्या ठिकाणी टोमणे, नातेवाइकांचा अबोला, मैत्रीत हळूहळू वाढत जाणारे अंतर. हा छळ नव्हे असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही, आणि त्याला हौतात्म्याचे नाव देणेही खरे ठरत नाही.

हा फरक शिकवणारा पाठ मला संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत मोलाचा वाटला. प्रश्नपुस्तिकेत प्रत्येकाला अलीकडे सोसाव्या लागलेल्या अप्रिय प्रसंगांची नोंद करायला सांगितले आहे, आणि मग प्रत्येक नोंदीसमोर हे माझ्यावर ख्रिस्ताच्या नावामुळे आले, माझ्या स्वतःच्या वागण्यामुळे आले, की हा केवळ मतभेद होता, असा प्रश्न ठेवला आहे. त्यामागे त्याच चौथ्या अध्यायातील सूचना आहे. कोणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये, परंतु ख्रिस्ती म्हणून भोगावे लागले तर लाज मानू नये. खुनी आणि चोर यांच्या पंगतीला पेत्राने लुडबुड्या माणसाला बसवले आहे, ही गोष्ट आपल्याकडून सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. उद्धट बोलण्यामुळे, कामातील हलगर्जीपणामुळे किंवा न विचारता दिलेल्या उपदेशामुळे ओढवलेला राग वधस्तंभाच्या खाती मांडला जातो, तेव्हा खऱ्या साक्षीचे मोल कमी होते. आमच्या गटात या पाठावर सर्वांत प्रामाणिक चर्चा झाली.

तितकाच समृद्ध पाठ प्लिनीच्या पत्राचा आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंत प्रांताचा रोमी अधिकारी असलेल्या प्लिनीने सम्राट ट्रेजनला विचारले की, या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. आरोपीला तो तीनदा विचारी, आणि तरीही जो आपण ख्रिस्ती असल्याचे सांगे त्याला शिक्षेसाठी पाठवी. ज्यांनी नाकारले त्यांना सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करून ख्रिस्ताला शाप द्यावा लागे. ‘सेविका’ म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करूनही त्याच्या मते निव्वळ अंधश्रद्धेपलीकडे काही हाती लागले नाही, आणि विश्वास सोडलेल्यांकडून कळले ते एवढेच की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, आणि चोरी, लूट व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. ट्रेजनचे उत्तरही मुळातून समजावून दिले आहे: त्यांचा शोध घेत फिरू नये, निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, पण आरोप सिद्ध होऊनही जे नाकारत नाहीत त्यांना शिक्षा करावी.

व्याख्यात्याने येथे एक बारकावा नेमका पकडला आहे. त्याच पत्रात प्लिनी सांगतो की, देवळे ओस पडली होती आणि बळीच्या पशूंच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते. प्रेषितांच्या कृत्यांतील एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील रुपेरी देव्हारे घडवणारा देमेत्रिय हाच मुद्दा आपल्या कारागिरांपुढे मांडतो. वैराच्या मुळाशी केवळ श्रद्धेचा प्रश्न नसतो. कोणाचा तरी व्यवसाय, मान आणि समाजाचे जमून गेलेले एकत्र असणे धोक्यात आलेले असते. विरोध करणारा माणूस घाबरलेलाही असू शकतो हे कळले, म्हणजे त्याच्यासाठी प्रार्थना करणे निराळ्या मनाने होते. हे शिकवल्याबद्दल अभ्यासक्रमाचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी तयार असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, या तिसऱ्या अध्यायातील वचनावरचा पाठ सुरुवातीला फार चांगला आहे. कोणीतरी विचारावे असे जगणे आधी दिसले पाहिजे, हा क्रम त्यात स्पष्ट होतो. पुढे मात्र पाठ युक्तिवादांच्या यादीकडे वळतो आणि वचनातील सौम्यता मागे पडते.

तडजोडीवरच्या पाठात पहिली निराशा येते. बाबेलात बंदी म्हणून नेलेला यहूदी तरुण दानीएल आणि त्याचे सोबती हे एकच उदाहरण तेथे घेतले आहे, आणि तेही अर्धे. त्यांनी राजाच्या पंक्तीचे अन्न नाकारले हे ठसवून सांगितले जाते. परंतु त्याच पहिल्या अध्यायात त्यांनी बाबेलची नावे स्वीकारली, खास्द्यांची विद्या व भाषा शिकले आणि त्या दरबारात चाकरी पत्करली, हे मात्र ओझरते येऊन जाते. नकार कोठे द्यावा हे ठरवण्यासाठी होकार कोठे दिला याचाही अभ्यास हवा होता. संदेष्टा यिर्मया याने बंदिवासातील लोकांना पत्र लिहून, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा आणि प्रार्थना करा असे सांगितले, त्याचाही उल्लेख नाही. सर्वांत जास्त खटकते ते नामानाचे न येणे. अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर संदेष्टा अलीशा याला विचारतो की, माझा धनी अरामी देव रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील आणि मलाही वाकावे लागेल, तेव्हा परमेश्वर मला क्षमा करील काय. अलीशा त्याला शांतीने जा असे म्हणतो. तो परवानगीचा शब्द आहे की केवळ निरोपाचा, यावर मतभेद आहेत, आणि ते असू द्यावेत. परंतु नव्याने विश्वासात आलेली, घरात किंवा नोकरीत एकटी असलेली माणसे नेमका हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांच्यासमोर हा उतारा ठेवलाच जात नाही, हे बरोबर नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात मूर्तीला अर्पिलेल्या मांसाविषयी प्रेषित पौल किती परीने विचार करतो, आणि त्यात दुसऱ्याच्या विवेकभावाला किती महत्त्व देतो, हेही एका वाक्यात उरकले आहे.

आता मूळ उणिवेकडे येतो. ज्याच्या नावाने हे पत्र आपल्याकडे आले, त्या पेत्राने महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी आपल्या प्रभूला तीनदा नाकारले होते. अंगणात बसलेल्या सामान्य माणसांच्या चौकशीने तो खचला, आणि पुढे पुनरुत्थित प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारून पुन्हा मेंढरे सोपवली. निंदेपुढे धीर धरा असे सांगणारा माणूस हा आहे. हे ध्यानात घेऊन पत्र वाचले की त्यातील प्रत्येक आज्ञेला करुणेची बैठक मिळते. संपूर्ण अभ्यासक्रमात पेत्राच्या नाकारण्याचा उल्लेख एकदाही होत नाही, आणि त्यामुळे पत्राचा सूर उगाचच कठोर ऐकू येतो.

मंडळीच्या इतिहासाने हा प्रश्न कधी टाळलेला नाही. इसवी सन २५० मध्ये सम्राट डेशियसच्या आज्ञेने साम्राज्यातील लोकांना देवतांना अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागले. इजिप्तमध्ये पपायरसवरील अशी प्रमाणपत्रे सापडली आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले, काहींनी अर्पण न करता केवळ प्रमाणपत्र विकत घेतले, आणि छळ ओसरल्यावर ते परत मंडळीच्या दाराशी आले. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे २५१ मध्ये झालेल्या सभेने सर्वांना एकाच मापाने मोजले नाही. प्रमाणपत्र विकत घेणाऱ्यांचा आणि प्रत्यक्ष अर्पण करणाऱ्यांचा वेगळा विचार झाला, पश्चात्तापाचा मार्ग ठरवला गेला, आणि नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्यांना सहभागितेत परत घेण्यात आले. तेथील बिशप सिप्रियन २५० च्या छळात स्वतः लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. तेच सिप्रियन २५८ मध्ये शिरच्छेदाला सामोरे गेले. लपणारा माणूस आणि हुतात्मा होणारा माणूस एकच असू शकतो, हे ज्याला एकदा उमगले तो दुसऱ्याच्या दुर्बळतेचा निवाडा घाईने करणार नाही.

जपानचेही उदाहरण येथे हवे होते. १६१४ मध्ये तेथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, आणि संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावले जाऊ लागले. अनेकांनी पाय ठेवला आणि गुप्तपणे प्रार्थना चालू ठेवली. धर्मगुरू नसताना सामान्य माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा दिला. १८६५ मध्ये नागासाकी येथील नव्या चर्चमध्ये त्यांचे वंशज येऊन आपला विश्वास प्रकट करतात, तेव्हा तो विश्वास टिकला कसा याचे उत्तर एकट्या शूर व्यक्तीच्या कथेत सापडत नाही. तो घराघरांतून आणि एकमेकांच्या आधाराने टिकला. अभ्यासक्रमातील प्रत्येक गोष्टीचा नायक मात्र एकटा उभा असतो.

दास आणि पत्नी यांना उद्देशून लिहिलेल्या भागावरील पाठाविषयी मला स्पष्ट हरकत नोंदवायची आहे. विश्वास न ठेवणाऱ्या पतीच्या घरात पत्नीच्या आचरणाने त्याचे मन जिंकले जाऊ शकते, हे पेत्र म्हणतो खरे. पण घरात मारहाण होत असेल तर सोसत राहणे हीच साक्ष, असा अर्थ श्रोत्यांच्या मनात उरणार नाही याची काळजी व्याख्यात्याने घेतलेली नाही. पतीने पत्नीला कृपेच्या जीवनाची सहवारस मानून मान द्यावा, नाहीतर त्याच्या प्रार्थनांत अडथळा येईल, असे त्याच अध्यायात पुढे लिहिलेले आहे. सुरक्षित जागी जाणे आणि कायद्याची मदत घेणे हा विश्वासघात नाही, हे एवढे वाक्य प्रश्नपुस्तिकेत असायलाच हवे. पौलानेही आपले रोमी नागरिकत्व सांगून फटके टाळले होते.

व्यवस्थेविषयीही एक गंभीर तक्रार आहे. नोंदणीसाठी खरे नाव व दूरध्वनी क्रमांक सक्तीचा आहे, सहभागी झालेल्या सर्वांना एकाच मोबाइल गटात घातले जाते, आणि प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. ज्याच्या घरी किंवा कचेरीत त्याच्या विश्वासाविषयी कळणे धोक्याचे आहे, त्याच्यासाठीच हा अभ्यासक्रम आहे ना? मग नावाशिवाय प्रवेश, केवळ ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याची सोय आणि छापून घेता येणारी साधी पुस्तिका या गोष्टी आधी हव्या होत्या. ध्वनीची प्रत चांगली आहे आणि व्याख्याने आटोपशीर आहेत, हे मात्र नमूद करतो.

ज्या गटाला अनुभवी पाळक किंवा प्रौढ विश्वासी मार्गदर्शक आहे, त्या गटाने हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. छळ आणि अप्रियता यांतील फरकाचा पाठ आणि प्लिनीचा पाठ जसेच्या तसे चालवावेत. तडजोडीच्या पाठासोबत दुसरे राजे पाचवा अध्याय (नामानाची गोष्ट) आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय वाचावेत, पती-पत्नींविषयीचा पाठ मार्गदर्शकाने आधी स्वतः ऐकून मगच गटापुढे ठेवावा, आणि पहिल्या व्याख्यानापूर्वी सर्वांनी मिळून योहानाच्या शुभवर्तमानाचे अठरा व एकवीस हे अध्याय, म्हणजे पेत्राचे नाकारणे आणि त्याला पुन्हा मेंढरे सोपवणे, मोठ्याने वाचावेत. एकट्या, नव्या आणि घरातून विरोध असलेल्या विश्वासी व्यक्तीच्या हाती तो सध्याच्या स्वरूपात थेट देण्याची शिफारस मी करणार नाही.